संकरित वळू, 18 महिन्यांनंतर: वजनाला पूर्ण गुण, शिंगांनी मात्र पिच्छा पुरवला

माझ्या गाई हियरफर्ड आणि सिमेंटल या दोन जातींच्या संकराच्या, तांबड्या आणि शिंगवाल्या. वळू घेतला सिमेंटल आणि अँगस या जातींच्या पहिल्या पिढीच्या संकराचा, काळा आणि बिनशिंगी. कारण सरळ होतं. आळीपाळीने दोन जातींचे वळू वापरायचे तर दोन वळू पोसा, दोन कुरणं वेगळी ठेवा. 24 गाईंसाठी हा खर्च मला पटत नव्हता. संकरित वळूत दोन जाती एकातच मिळतात.

पहिल्या हंगामात 22 वासरं झाली आणि मी अक्षरशः हादरलो. 12 काळी, 10 तांबडी. रंगाचं एक वेळ चाललं असतं, पण 9 वासरांच्या डोक्यावर शिंगकळ्या! विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "वळू बिनशिंगीच आहे ना? मग?" आता डोळ्यांना तो बिनशिंगीच दिसतो, पण त्याच्यात बिनशिंगी जनुकाची एकच प्रत आहे, दुसरी शिंगाची. शिंगवाल्या गाईंवर सोडला की साधारण निम्मी वासरं शिंगवाली होणारच. काळ्या-तांबड्याचंही तेच गणित. हे सौद्याच्या वेळी सांगायला हवं होतं. नऊ वासरांच्या शिंगकळ्या जाळताना त्यांचे हाल पाहवत नाहीत. हा राग अजून गेलेला नाही.

त्या रागात मी ठरवूनच टाकलं होतं की संकरित वळू म्हणजे जुगार. दूध तोडताना वासरं काट्यावर घातली आणि मत बदलावं लागलं. सगळ्यात हलक्या आणि सगळ्यात जड वासरातलं अंतर आधीच्या शुद्ध वळूच्या वासरांइतकंच निघालं. मग समजून घेतलं. रंग आणि शिंगं एक-दोन जनुकांवर चालतात, म्हणून विस्कटलेली दिसतात. वजनामागे शेकडो जनुकं असतात, त्यांची सरासरी होऊन जाते. अमेरिकेत नेब्रास्कातल्या क्ले सेंटरच्या पशुसंशोधन केंद्रानेही मिश्र जातींच्या कळपांत हेच पाहिलं: उत्पादनाच्या गुणांतली तफावत शुद्ध जातींइतकीच. मी डोळ्यांनी कळप पाहत होतो, काट्याने नाही.

संकरित जोमाचा, म्हणजे वेगवेगळ्या जातींची जनुकं एकत्र आल्यावर वासरात येणाऱ्या जादा ताकदीचा, हिशेबही आधी चुकीचा धरला होता. गाय आणि वळू दोघांत निम्मं सिमेंटल. वासराला दोन्हीकडून सिमेंटलचंच जनुक येण्याची शक्यता चारात एक. म्हणजे जोम 75 टक्के टिकतो. शुद्ध अँगस वळू सोडला असता तर पूर्ण 100 मिळाला असता, शुद्ध सिमेंटल सोडला असता तर 50. गाईंमध्ये नसलेल्या दोन जातींचा संकरित वळू घेतला असता तरी 100च. म्हणजे मी जो पाव हिस्सा गमावला तो वळू संकरित होता म्हणून नाही, जात सामायिक निवडली म्हणून.

आणखी एक गोष्ट नव्याने घेणाऱ्यांनी नक्की लक्षात ठेवावी. हा वळू स्वतः दिसायला जबरदस्त आहे, लवकर वयात आला, गाईही पटापट गाभण गेल्या. पण त्याच्या अंगातला जोम त्याच्याबरोबरच राहतो, वासरात उतरत नाही. वासरात उतरतात ती त्याची निम्मी जनुकं. जोम वासरात नव्याने तयार होतो, तोही आईकडून वेगळं जनुक आलं तरच. म्हणून वळूचं स्वतःचं वजन पाहून भाव देऊ नका, त्याच्या आई-बापांच्या पैदासमूल्यांचे, म्हणजे ते पुढच्या पिढीला कोणता गुण किती देतात याच्या अंदाजाचे, आकडे मागा.

कालवडी मी ठेवल्या आहेत, कारण गाय संकरित असण्याचा फायदा सगळ्यात मोठा: जास्त वर्षं टिकते, वेळेवर फळते, वासरू नीट वाढवते. पण त्या फळण्याच्या वयाच्या झाल्या की बापाच्या कळपात ठेवता येणार नाहीत, म्हणजे हा वळू आता काढावाच लागेल. पुढचाही संकरितच पाहिला आहे. या वेळी त्याच्या शेपटीचे केस जनुक तपासणीला पाठवलेत. बिनशिंगी जनुकाच्या दोन्ही प्रती असल्याचा कागद हातात आल्याशिवाय पैसे देणार नाही.