यादी तीच, दवाखाना वेगळा: मूल्यमापनाची कोणती पद्धत घ्यावी?

आरोग्य कार्यक्रम चालवणाऱ्या प्रत्येक संस्थेवर ही वेळ कधी ना कधी येते. प्रकल्प संपत आलेला असतो, देणगीदार ‘इव्हॅल्युएशन कधी?’ म्हणून मेल टाकतो आणि टेबलावर तीन प्रस्ताव येऊन पडतात. पहिल्यात कार्यक्रम असलेली आणि नसलेली केंद्रं घेऊन आकड्यांची तुलना असते. दुसऱ्यात सीएफआयआरसारखी तयार चौकट असते, म्हणजे कार्यक्रम राबवताना काय अडतं आणि काय मदत करतं, याच्या घटकांची तयार यादी. तिसऱ्यात रिअलिस्ट इव्हॅल्युएशन असतं, म्हणजे कार्यक्रम कुणासाठी, कुठे आणि कशामुळे चालतो हे शोधणारी पद्धत, आणि त्या प्रस्तावाची पहिली चार पानं बैठकीत कुणालाच कळलेली नसतात. माझा कल तिसऱ्याकडे आहे, हे आधीच सांगून टाकते. पण दर वेळी नाही.

हवेत बोलण्यापेक्षा एक कार्यक्रम समोर ठेवू. जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित बाळंतपणाची चेकलिस्ट आहे. भरतीच्या वेळी, प्रसूतीच्या आधी, प्रसूतीनंतर लगेच आणि घरी सोडताना काय काय तपासायचं, याची ही यादी. कर्नाटकातल्या एका उपजिल्हा पातळीवरच्या प्रसूती केंद्रात ती वापरून पाहिली, तेव्हा 29 पैकी सरासरी 10च गोष्टी होत होत्या, त्या 25वर गेल्या. साहजिकच सगळे खूश.

मग हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर उत्तर प्रदेशात झाला. 24 जिल्हे, 120 केंद्रं, दीड लाखाहून जास्त बाळंतपणं. निम्म्या केंद्रांत यादीच्या जोडीला आठ महिने प्रशिक्षक येऊन नर्सच्या शेजारी उभे राहत होते. निष्कर्ष 2017 साली प्रसिद्ध झाले. ज्या 18 कृती पाहिल्या, त्यांपैकी दोन महिन्यांनंतर कार्यक्रमाच्या केंद्रांत 72.8 टक्के होत होत्या, इतर केंद्रांत 41.7 टक्के. प्रशिक्षकांचं येणं थांबल्यावर, बाराव्या महिन्यात, हा आकडा 61.7 टक्क्यांवर उतरला. आणि ज्यासाठी सगळा खटाटोप होता ते? बाळाचा मृत्यू, आईचा मृत्यू किंवा आईची गंभीर गुंतागुंत यांचं एकत्रित प्रमाण कार्यक्रमाच्या केंद्रांत 15.1 टक्के, इतर केंद्रांत 15.3. म्हणजे फरक नाही.

पहिल्या पद्धतीची ताकद इथेच दिसते. ही तुलना झाली नसती, तर एका केंद्रातल्या यशावर आपण राज्यंच्या राज्यं यादीने भरून टाकली असती. ‘खरंच फरक पडला का, किती पडला’ हा प्रश्न असेल, तर कुठल्या केंद्रात कार्यक्रम द्यायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवून केलेल्या अशा तुलनेला पर्याय नाही. खर्च जास्त, नमुना मोठा लागतो, आणि कार्यक्रम सुरू होण्याआधीच सगळं ठरवावं लागतं. आमच्याकडे बहुतेक संस्थांना मूल्यमापन आठवतं ते शेवटच्या सहा महिन्यांत, तेव्हा हा पर्याय तसाही हातून गेलेला असतो.

पण त्या 120 केंद्रांपैकी एखाद्या केंद्रातल्या मेडिकल ऑफिसरने विचारलं, ‘आता मी काय करू?’ तर 15.1 आणि 15.3 त्याला काही सांगत नाहीत. सरासरीत चांगलं चाललेलं केंद्र आणि बंद पडलेलं केंद्र एकमेकांत मुरून जातात.

चौकट: पटकन होणारं काम

सीएफआयआर ही चौकट 2009 साली आली, 2022 मध्ये सुधारली गेली. मूळ चौकटीत पाच विभाग आणि 39 घटक होते. त्यातला एक अख्खा विभाग संस्थेच्या आतल्या वातावरणाचा: नेतृत्व, संवाद, उपलब्ध साधनं, बदलाची तयारी. मुलाखती घ्यायच्या, उत्तरं त्या घटकांखाली लावायची. नवखी टीमही हे तीन-चार महिन्यांत नीट करते, आणि काही महत्त्वाचं विसरलं जात नाही. वेळ कमी असेल आणि अडथळ्यांचा नकाशा हवा असेल, तर हे बिनधास्त घ्या.

अडचण एकच, पण मोठी. रकाने भरतात आणि रकान्यांचा एकमेकांशी संबंध कुठेच लिहिला जात नाही. ‘नेतृत्व: कमकुवत. साधनं: अपुरी.’ बरं, मग? कमकुवत नेतृत्व असूनही एखादं उपकेंद्र उत्तम का चालतं, याला या तक्त्यात जागा नाही.

रिअलिस्ट: अंदाज आधी, मुलाखत नंतर

रे पॉसन आणि निक टिली या ब्रिटनमधल्या दोघा समाजशास्त्रज्ञांनी ही पद्धत 1997 साली मांडली. टिलींचं गाजलेलं उदाहरण गाड्यांच्या पार्किंगमधल्या सीसीटीव्हीचं आहे. कॅमेरा काही खांबावरून उतरून चोराला धरत नाही. बोर्ड वाचून चोर बिचकतो, किंवा गाडीवाला आठवणीने लॉक लावतो, किंवा रखवालदार वेळेवर पोहोचतो. यातलं नेमकं काय घडेल, ते त्या पार्किंगवर अवलंबून. म्हणून ‘कॅमेऱ्याने चोऱ्या कमी होतात का’ हा प्रश्नच अर्धवट. कुणासाठी, कुठल्या परिस्थितीत, कशामुळे, हे जोडलं की तो पुरा होतो.

मराठीत इथे एक गंमत होते. या पद्धतीतल्या ‘मेकॅनिझम’ला सगळे ‘यंत्रणा’ म्हणतात, आणि आपल्या क्षेत्रात ‘यंत्रणा’ म्हटलं की जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यापासून (डीएचओ) आशापर्यंतचा सरकारी डोलारा डोळ्यांपुढे येतो. एका कार्यशाळेत अर्धा दिवस यातच गेला. मी ‘कळ’ म्हणते. कार्यक्रम माणसाच्या हातात काहीतरी देतो, त्याने मनातली कुठली तरी कळ दाबली जाते, आणि दाबली जाईल की नाही हे भोवतालच्या संस्थेवर ठरतं.

कामाची रीतही उलटी. आधी आपला अंदाज लिहून काढायचा, मग तो समोरच्यापुढे ठेवून ‘हे चूक आहे का?’ असं विचारायचं. आमच्या एका कामात अंदाज होता की वरिष्ठ मॅडम दर आठवड्याला यादी तपासतात, म्हणून सिस्टर ती भरतात. एका प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसी) रात्रपाळीच्या सिस्टरना मी तसंच विचारलं. त्या हसल्या. ‘बघतात कुठे! बघत नाहीत म्हणून तर खरं भरते. रात्री मी एकटी असते ताई, डोकं चालत नाही. खुणा करत गेलं की काही सुटत नाही.’ तिथून वीसेक किलोमीटरवर दुसऱ्या केंद्रात यादी काटेकोर तपासली जात होती. तिथे आठवडाभराचे कागद एकाच पेनाने, एकाच बैठकीत भरलेले. हस्ताक्षर मात्र सुरेख. आमचा अंदाज दोन्हीकडे आपटला, आणि मूल्यमापनातली सगळ्यात कामाची गोष्ट त्या आपटण्यातूनच हाती आली: एकट्या माणसाला यादी आधार देते, तपासणीखालच्या माणसाला ती पुरावा वाटते.

आपल्याकडचं वाचण्यासारखं काम हवं असेल, तर तुमकूरचं पाहा. कर्नाटकातल्या या जिल्ह्यात तालुका आणि जिल्हा पातळीवरच्या आरोग्य अधिकाऱ्यांना नियोजन आणि देखरेखीचं प्रशिक्षण दिलं गेलं. वर्गातलं शिक्षण आणि नंतर प्रत्यक्ष कामाच्या जागी येणारे मार्गदर्शक. बंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक हेल्थच्या संशोधकांनी त्याचं रिअलिस्ट मूल्यमापन 2014 साली प्रसिद्ध केलं. प्रशिक्षण एकच, तालुक्यागणिक फळ वेगळं. अधिकाऱ्याची संस्थेशी बांधिलकी, ‘मला हे जमेल’ हा विश्वास आणि वरच्यांचा पाठिंबा, हे तिन्ही एका रेषेत आले की बदल दिसतो, असा त्यांचा रोख आहे. ‘ट्रेनिंग झालं, आता काम सुधारेल’ म्हणणाऱ्यांनी जरूर वाचावं.

आता तोटे, कारण प्रस्ताव लिहिणारे ते सांगत नाहीत. ही पद्धत ‘किती’चं उत्तर देत नाही. कार्यक्रमाने किती मृत्यू टळले, हे सांगायचं असेल तर हिच्या वाटेला जाऊ नका. वेळ खाते, मुलाखती संपल्या वाटतं तोवर अंदाज बदलतो आणि पुन्हा त्याच केंद्रात जावं लागतं. दरम्यान तिथल्या मेडिकल ऑफिसरची बदली झालेली असते. माणूसही मुरलेला लागतो, लिहून दिलेली प्रश्नावली वाचून दाखवणारा चालत नाही. आणि या नावाखाली खपणारं बरंच काम निव्वळ मुलाखतींचा गोषवारा असतं. ओळखायचं कसं? प्रस्तावात असा एक तरी अंदाज शोधा, जो चुकीचा ठरू शकतो. ‘संदर्भ महत्त्वाचा असतो’ हे कधीच चुकीचं ठरू शकत नाही, म्हणून ते कामाचं नाही.

पैसे असतील, तर साधी आकड्यांची तुलना ठेवून त्यातली दोन-चार उलट्या निकालांची केंद्रं रिअलिस्ट पद्धतीने खोलात पाहा. एकाच गोष्टीपुरते पैसे असतील आणि कार्यक्रम दुसऱ्या जिल्ह्यात न्यायचा असेल, तर मी रिअलिस्ट घेईन. देणगीदाराला फक्त रिपोर्ट हवा असेल, तर चौकट पुरे.

एका गोष्टीची तयारी मात्र आधीच ठेवा. तालुक्यात तालुका आरोग्य अधिकारी एकच असतो. संस्थेतलं वातावरण लिहायचं म्हणजे त्या एका माणसाबद्दल लिहायचं, नाव गाळलं तरी. म्हणून आम्ही मसुदा छापण्याआधी त्या-त्या अधिकाऱ्याला वाचायला देतो. एका मॅडमनी तो आमच्यासमोरच वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला. आम्ही लिहिलं होतं की लेबर रूमच्या किरकोळ दुरुस्त्या निधीअभावी रखडल्या. त्या म्हणाल्या, ‘हे खोडा. पैसे खात्यात होते. आधीच्या साहेबांची ऑडिटमध्ये झालेली गत मी पाहिली होती. सही करायला मी घाबरत होते.’