सीटखाली इंजिन, मागच्या चाकांना ताकद : धंद्याच्या व्हॅनचा पावसाळा ते उन्हाळा अनुभव

व्हॅन घ्यायची ठरली तेव्हा घरात आणि गल्लीत सगळ्यांचे दोनच प्रश्न होते. ॲव्हरेज किती आणि हप्ता किती? इंजिन कुठं बसवलंय, कसं बसवलंय, कुठली चाकं फिरवतंय, हे कुणी विचारलं नाही. जूनच्या तोंडावर घेतलेल्या गाडीनं आता उन्हाळाही काढलाय. तिच्यातलं मला जे आवडतं आणि जे खुपतं, ते जवळजवळ सगळं या न विचारलेल्या प्रश्नातूनच निघालंय.

कंपनीचं नाव लिहीत नाही. माझ्या तक्रारी कंपनीपेक्षा रचनेच्या आहेत, आणि तशा रचनेची कुठलीही गाडी घेतलीत तरी त्या थोड्याफार तशाच राहतील. पाच दारं, छोटं नाक, पुढच्या दोन सीटखाली पेट्रोल इंजिन, मागच्या चाकांना ताकद. मागची सीट काढून ठेवलीय, तिथं माल असतो.

आमचा धंदा कांदा-लसूण चटणीचा. सोबत मिरचीपूड, हंगामात गूळ. कोल्हापुरातली दुकानं, इचलकरंजी, निपाणी, गडहिंग्लज आणि राधानगरीवरून फोंडा घाट उतरून कणकवली. याआधी सगळं एका छोट्या हॅचबॅकमधून चालायचं. तिचं इंजिन आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांसारखं पुढं आणि आडवं, ताकद पुढच्या चाकांना. त्यामुळे तुलना करायला दोन्ही प्रकार दारातच उभे आहेत.

आडवं-उभं म्हणजे काय ते आधी सांगते, कारण माझ्या यजमानांनाही ते कागदावर काढून दाखवावं लागलं. इंजिनातला क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा, गाडीच्या रुंदीत, म्हणजे चाकांच्या एक्सलला समांतर असेल तर इंजिन आडवं. तोच शाफ्ट गाडीच्या लांबीत, नाकाकडून शेपटीकडे असेल तर उभं. ॲम्बेसिडर आणि पद्मिनी दोन्ही उभ्या इंजिनाच्या. इंजिन पुढं, त्याच्या मागं गिअरबॉक्स, तिथून गाडीच्या पोटाखालून ताकद मागं नेणारा लांब प्रॉपेलर शाफ्ट आणि शेवटी मागच्या एक्सलवर डिफरन्शियल, म्हणजे ती ताकद दोन्ही चाकांना वाटणारी गिअरची पेटी. ॲम्बेसिडरमध्ये मागं मधे बसणाऱ्याच्या पायाखाली जो उंचवटा यायचा, तो त्या शाफ्टसाठीच.

आडव्या इंजिनाची खरी लाट आणली ती १९५९ च्या मिनी या इंग्लिश गाडीनं. सुएझ कालव्याच्या पेचानंतर तिकडं पेट्रोलची टंचाई झाली होती, लहान गाडीत चार माणसं बसवायची होती. तिचा रचनाकार ॲलेक इसिगोनिस, त्यानं इंजिन आडवं केलं आणि गिअरबॉक्स त्याच्याच पोटात, ऑइल सम्पमध्ये, म्हणजे तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यात घातला. पुढं १९६९ च्या फियाट १२८ मध्ये गिअरबॉक्स इंजिनाच्या शेजारी, त्याच रेषेत आला. आज आपल्या रस्त्यावर पुढच्या चाकांवर चालणाऱ्या ज्या छोट्या गाड्या दिसतात, त्यातल्या बहुतेक त्याच मांडणीच्या. आपल्याकडं १९८३ च्या मारुती ८०० नं ती घरोघरी नेली.

मला गंमत वाटते ती पुढच्या वर्षाची. मारुती ८०० मधलं तेच ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन १९८४ च्या मारुती व्हॅनमध्ये, म्हणजे पुढं जिला ओम्नी म्हणायला लागले तिच्यात, उभं करून सीटखाली बसवलं आणि मागच्या चाकांना जोडलं. इंजिन तेच, पण एक गाडी घरातल्या चौघांची झाली आणि दुसरीनं दूध, सिलिंडर, वऱ्हाड, शाळेची पोरं सगळं वाहिलं. सीसी बघून गाडी ठरवणाऱ्यांनी या जोडीकडं एकदा बघावं. २००५ चा टाटा एस, आपला छोटा हत्ती, त्याचंही इंजिन सीटखालीच.

आता घाट. माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं हेच.

कणकवलीहून येताना गाडी रिकामी आणणं परवडत नाही, म्हणून नारळ, सोलं, कधी तांदूळ भरून वर चढायचं असतं. हॅचबॅकमध्ये मागची सीट पाडून माल भरला की वजन मागच्या एक्सलवर आणि त्याच्याही पलीकडं जायचं. बैलगाडी मागं जास्त भरली की उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून उचललं जातं, तसंच तिचं व्हायचं. नाक हलकं पडायचं, आणि ओढायचं काम तर पुढच्याच चाकांचं. त्यात चढ लागला की उरलेलं वजनही मागं सरकतं. दाजीपूरच्या अलीकडं पावसाळ्यात रस्त्याला बुळबुळीत थर धरतो. तिथल्या उभ्या वळणावर थांबून परत निघताना पुढची चाकं जागेवर फिरायची, स्टेअरिंग हातात सैल लागायचं, आणि मागून एसटीचा हॉर्न.

व्हॅनमध्ये हेच गणित उलटं पडतं. माल जितका, तितकी मागची चाकं रस्त्याला घट्ट, आणि ताकदही त्यांनाच. भर पावसात, धुक्यात, पूर्ण भरलेली गाडी वळणावर थांबवून परत उचलली तरी चाक सुटत नाही. इंजिन काही फार ताकदीचं नाही. चढाला दुसऱ्या गिअरवरच राहावं लागतं आणि मागं रांग लागते. पण गाडी वर जाते, आणि निमूट जाते.

मात्र रिकामी असताना हीच गाडी वेगळी वागते. मागं वजन नाही, रस्ता ओला, आणि वळणात जोरात ॲक्सिलेटर दिला की शेपूट किंचित बाहेर जातं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची सवय असलेल्या माणसाला हे पहिल्यांदा चांगलंच दचकवतं. पावसात रिकामी गाडी असेल तर मी वळण पूर्ण झाल्यावरच पाय दाबते. माल भरतानाही जड खोकी मागच्या एक्सलच्या पुढं ठेवायची, हलकी पाकिटं दाराकडं. कामाला येणाऱ्या पोराला हे एकदा समजावलं, आता तो मलाच शिकवतो.

दुसरी जमेची बाजू पेठांमध्ये कळते. पुढच्या चाकांवर ओढायची जबाबदारी नसली की त्यांना ड्राइव्हशाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद चाकापर्यंत नेणारे दांडे नसतात, आणि दोन चाकांच्या मधे आडवं इंजिन जागा अडवत नाही. त्यामुळे चाकं जास्त वळवता येतात. मंगळवार पेठेत, शिवाजी पेठेत काही बोळ असे आहेत की हॅचबॅकला दोनदा पुढं-मागं करावं लागायचं. तिच्याहून लांब असलेली ही व्हॅन तिथं एका दमात वळते. गंगावेशीतल्या दुकानदारांना याचं जास्त कौतुक आहे, कारण माझी गाडी त्यांच्या दारात फार वेळ आडवी उभी राहत नाही.

आता उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये दुपारी बारा वाजता दसरा चौकातून लक्ष्मीपुरीकडं शिरायचं, सिग्नल, वडाप, रिक्षा, सगळं तुंबलेलं. अशा वेळी सीटखालून जी धग येते तिला तोड नाही. मांड्यांच्या मागच्या बाजूला आधी लागतं, मग गिअरच्या आसपासची पत्र्याची जागा तापते. पुढं इंजिन असलेल्या गाडीत तुमच्या आणि इंजिनाच्या मधे एक पूर्ण भिंत असते. इथं एक झाकण, थोडं इन्सुलेशन आणि सीटचा फोम. आवाजाचंही तेच. हायवेला साठ-सत्तरच्या पुढं गेलं की शेजारच्याशी बोलायला आवाज चढवावा लागतो. आमच्या सासूबाईंना मात्र तक्रार नाही. जानेवारीत पहाटे गगनबावड्याला निघालो तेव्हा त्या म्हणाल्या, "मी पुढंच बसतो, पाय शेकतात चांगले."

या धगीवर थोडा इलाज आहे. सीटखालच्या झाकणाभोवती रबराची पट्टी असते. ती फाटली किंवा सर्व्हिसनंतर झाकण नीट बसलं नाही, तर गरम हवा आणि इंजिनाचा वास थेट आत येतो. माझ्या गाडीची पट्टी एका कोपऱ्यात दुमडून बसवली होती, ती सरळ केल्यावर फरक लगेच कळला. सर्व्हिसहून गाडी घेताना सीट उचलून सगळ्या क्लिपा लागल्यात का ते बघाच. झाकणावर चंदेरी थराची इन्सुलेशन शीटही टाकून घेतलीय. धग कमी झाली, गेली नाही.

रेडिएटर पुढं नाकात आणि इंजिन सीटखाली, त्यामुळे कूलंटचे पाइप गाडीच्या खालून लांब जातात. पाइप जितके लांब, तितके गळायला सांधे जास्त. अशी गाडी जुनी घेणाऱ्यांनी खाली वाकून हे पाइप आणि त्यांचे क्लॅम्प बघावेत. कूलंट बदलल्यावर आत हवा अडकणार नाही हेही बघून घ्यावं, नाहीतर कूलंट पुरेसं दिसत असूनही तापमानाचा काटा वर चढतो.

उद्यमनगरात आमचे नेहमीचे मिस्त्री आहेत, सगळे त्यांना मामाच म्हणतात. माझा भाऊ तिथंच मशीनशॉपमध्ये कामाला, शिरोलीच्या फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगांचं मशीनिंग त्याच्या हातून जातं, त्यामुळे गॅरेजमध्ये मला पाणी-चहा आणि व्याख्यान दोन्ही मिळतं. मामांचं म्हणणं असं, "वहिनी, ह्या गाडीत प्लग बदलायचा तर घरात शिरल्यागत आत शिराय लागतंय. पण क्लच काढायला हिच्यासारखी सोपी गाडी न्हाई." आणि ते खरं आहे. प्लग, बेल्ट, फिल्टर अशा वरच्या कामांना सीट उचलायची, मॅट गुंडाळायची, त्यात माझी चटणीची खोकी आधी हलवायची. बोनेट उघडून उभ्यानं करायचं काम इथं गुडघ्यावर बसून होतं. पण क्लचप्लेटचं काम निघालं तर उभ्या इंजिनात प्रॉपेलर शाफ्ट सोडायचा आणि गिअरबॉक्स सरळ मागं ओढून खाली घ्यायचा. आडव्या इंजिनात दोन्ही ड्राइव्हशाफ्ट बाहेर काढा, इंजिन वरून टांगून धरा, मग त्या चिंचोळ्या जागेतून गिअरबॉक्स उतरवा. हॅचबॅकच्या क्लचला मजुरी जास्त का पडली होती, ते तेव्हा कळलं.

त्यांच्याकडून शिकलेली आणखी एक गोष्ट. उभी गाडी चालू ठेवून कुणाला तरी ॲक्सिलेटर हलकाच दाबायला सांगा आणि बाहेरून इंजिन बघा. उभं इंजिन डावी-उजवीकडं झोका घेतं, आडवं पुढं-मागं. झोका जास्त असेल तर फाउंडेशन, म्हणजे इंजिनाचं रबरी माउंटिंग गेलंय असं समजा. आडव्या इंजिनाच्या गाडीत ॲक्सिलेटर सोडल्यावर जो पुढं-मागं हिसका बसतो, तोही बऱ्याचदा तिथलाच असतो.

मागच्या चाकांच्या गाडीला देखभालीची दोन कामं वाढतात. प्रॉपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस, म्हणजे शाफ्टला फिरता फिरता वाकू देणारे सांधे असतात. ते झिजले की गिअर टाकून क्लच सोडताना खालून "टक्क" असा आवाज येतो. माझ्या गाडीत हिवाळ्यात हा आवाज सुरू झाला, मामांनी मागचा क्रॉस बदलला. आणि डिफरन्शियलचं ऑइल वेगळं असतं. ते इंजिन ऑइलबरोबर बदललं जात नाही, आणि मालकही विसरतात. आत क्राउन आणि पिनियनचे दात एकमेकांवर घासत ताकदीला काटकोनात वळवतात, त्यामुळे तिथं गिअर ऑइलच लागतं आणि तेही ठरलेल्या ग्रेडचं.

ॲव्हरेज कमी का, याचं एक उत्तरही याच काटकोनात आहे. आडव्या इंजिनात क्रँकशाफ्ट आणि चाकांचा एक्सल आधीच समांतर असतात, ताकद वळवावी लागत नाही. इथं ती लांब शाफ्टमधून जाते आणि मग वळते, त्यात काही वाया जातेच. शिवाय समोरून गाडी भिंतीसारखी चौकोनी, हवा कापणार कशी? मला पेट्रोलवर मालासह चौदाच्या आसपास मिळतं, हायवेला रिकामी थोडं जास्त. हॅचबॅक अठरा द्यायची.

सुरक्षेचं लिहिल्याशिवाय पुढं जात नाही. नाक छोटं म्हणजे समोरून धडक बसली तर चेपायला पत्रा कमी. ओम्नी २०१९ मध्ये बंद झाली ती नव्या सुरक्षा नियमांमुळेच. माझ्या व्हॅनचं नाक ओम्नीपेक्षा लांब आहे, तरी हायवेला मी ऐंशीच्या आत राहते. आणि रात्री विनालाइटच्या उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की निपाणीची फेरी दिवसाच करते.

पुराबद्दल बरेच जण विचारतात, कारण पंचगंगेनं २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ पुणे-बंगळूर हायवेच अडवला होता. इंजिन खाली असल्यानं बेल्ट आणि अल्टरनेटरवर पाणी लवकर उडतं, हे आहेच. पण इंजिनाचा खरा सत्यानाश होतो तो हवेच्या पाइपमधून पाणी सिलिंडरमध्ये ओढलं गेल्यावर. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून इंजिनाच्या जागेपेक्षा त्या पाइपाचं तोंड किती उंचावर आहे ते बघा. मी पाण्यात गाडी घालतच नाही.

टायरचं थोडक्यात सांगते. हॅचबॅकचे पुढचे टायर आधी जायचे, कारण ओढणं, वळणं आणि ब्रेकचा मोठा भार सगळं त्यांच्याच अंगावर. व्हॅनमध्ये हे काम वाटलं गेलंय, तरी माल आणि ताकद दोन्ही मागं असल्यानं मागचे जास्त झिजलेत.

घ्यावी का? माल वाहायचा असेल, चढ असतील, गल्लीबोळ असतील तर डोळे झाकून घ्या, उन्हाळ्यासाठी सुती गादी सीटवर टाका. घरच्या चार माणसांना घेऊन पुण्या-मुंबईला जायचं असेल तर आडव्या इंजिनाची, पुढच्या चाकांची गाडीच बरी. शांत, गार, पेट्रोल कमी. जाऊबाईंनी लग्नासाठी ही व्हॅन मागितली होती, मी त्यांना जुन्या हॅचबॅकची किल्ली दिली. ती विकलेली नाही आणि विकणारही नाही. व्हॅनचे पुढचे-मागचे टायर मात्र पाऊस पडायच्या आत अदलाबदल करून घ्यायचेत, आणि डिफरन्शियलचं ऑइलही त्याच वेळी.