नॅससाठी ४ टीबी हार्ड डिस्क: दुकानात काय मिळतं, त्यातलं काय घ्यावं

फोटो स्टुडिओ, सीएचं ऑफिस, जिनिंगचा हिशेब, कृषी केंद्राची टॅली. विदर्भातल्या तालुक्यांच्या गावी दोन खणांचा नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडून सगळ्यांच्या फाइल ठेवणारा डिस्कचा डबा, दिसतो तो अशा ठिकाणी. डबा निवडताना फारसं चुकत नाही, घोळ होतो तो डिस्कवर. दुकानात नुसतं ‘४ टीबी द्या’ म्हटलं की काउंटरवर बहुतेकदा सीगेट बाराकुडा येते, नाहीतर सीसीटीव्हीवाल्यांची जांभळी डिस्क. दोन्ही खणात बसतात आणि चालूही होतात. त्यातली बाराकुडा नॅसमध्ये टाकू नका.

बाराकुडाचं ४ टीबीचं मॉडेल एसटी४०००डीएम००४, २ टीबीचं एसटी२०००डीएम००८. दोन्ही एसएमआर प्रकारच्या. यात डेटा लिहिण्याचे पट्टे, म्हणजे ट्रॅक, कवेलूंसारखे एकावर एक चढवलेले असतात. मधला एक बदलायचा तर वरचे उचलून पुन्हा बसवावे लागतात. साध्या पीसीत हे कळत नाही, कारण डिस्क आलेला डेटा आधी राखीव जागेत लिहून ठेवते आणि निवांतपणे मार्गी लावते. रेडमधली (एकाहून जास्त डिस्क एकत्र जोडून एक गेली तरी डेटा वाचवायची पद्धत; डब्ल्यूडीच्या ‘रेड’ डिस्कशी याचा संबंध नाही) एक डिस्क गेली आणि नवी टाकली, की तिच्यावर डेटा पुन्हा भरताना, म्हणजे रिबिल्डमध्ये, काही टेराबाइट सलग लिहावे लागतात. निवांतपणा मिळत नाही, राखीव जागा भरते, वेग कोसळतो. मग डिस्क उत्तर देईना म्हणून नॅस तिला मेलेली समजून बाहेर काढतो. रेड ५ (तीन किंवा जास्त डिस्कची रचना) आणि झेडएफएस (रेडसारखीच सोय असलेली फाइल-व्यवस्था) यांत हा त्रास सर्वांत जास्त, रेड १ (दोन डिस्कवर एकच डेटा) मध्ये त्या मानाने कमी.

दुसरी अडचण खराब सेक्टरची. डेस्कटॉप डिस्क तो वाचण्यासाठी मिनिटभरही झटत बसते. नॅसची डिस्क साधारण ७ सेकंदांत नाद सोडते आणि चूक कळवते. मग रेड दुसऱ्या डिस्कवरून तो तुकडा भरून काढतो. स्वतः जोडलेल्या मशीनवर ‘स्मार्टसीटीएल’ या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रामच्या ‘एससीटीईआरसी’ पर्यायाने हे तपासता येतं. तिथे ७० आकडा दिसला की ७ सेकंद. काहीच दिसलं नाही तर डिस्कला ती सोय नाही किंवा ती बंद आहे.

घ्यायची कोणती, तर आमची पहिली पसंती डब्ल्यूडी (वेस्टर्न डिजिटल) रेड प्लस ४ टीबी, मॉडेल डब्ल्यूडी४०ईएफपीएक्स. सीएमआर (ट्रॅक एकावर एक न चढवलेली), ५४०० आरपीएम, २५६ एमबी कॅश, ३ वर्षांची वॉरंटी, वर्षाला १८० टीबी वाचण्या-लिहिण्याचा वर्कलोड. ‘प्लस’ हा शब्द सोडू नका. नुसत्या ‘रेड’मधल्या २, ३, ४ आणि ६ टीबीच्या ईएफएएक्स डिस्क एसएमआर आहेत. कंपनीने हे आधी सांगितलंच नव्हतं. २०२० मध्ये ग्राहकांनी ओरड केल्यावर कबूल केलं. आजही नुसती ‘रेड’ दुकानात मिळते आणि दुकानदार निरागसपणे ‘नॅसचीच आहे’ म्हणून हातात देतो. म्हणून खोक्यावरच्या रंगावर जाऊ नका, स्टिकरवरची शेवटची अक्षरं वाचा.

सीगेट आयर्नवुल्फ एसटी४०००व्हीएन००६ तिच्याच तोडीची. तीही सीएमआर, ५४०० आरपीएम, ३ वर्षं वॉरंटी. आयर्नवुल्फच्या मालिकेत एसएमआर नाहीच, त्यामुळे नावावरून घेतली तरी फसगत होत नाही. दोघींत जी स्थानिक बिलावर मिळेल ती घ्या. तोशिबा एन३०० ही सीएमआर आणि चांगली डिस्क, पण ७२०० आरपीएमची, म्हणजे जास्त तापणारी. आपल्याकडे हा मुद्दा हलका नाही.

जांभळी डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक बारा महिने चोवीस तास चालायलाच बनलेली असते. पण तिची घडण अखंड व्हिडिओ लिहिण्यासाठी. दुसरं काहीच मिळत नसेल आणि नॅसवर फक्त फुटेज साठवायचं असेल तर चालेल. टॅलीचा डेटा तिच्यावर ठेवू नका. आणि स्वस्तात ‘सर्व्हर पुल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या एसएएस डिस्क तर घ्यायच्याच नाहीत: साध्या डिस्कच्या सॅटा कनेक्टरमध्ये डेटा आणि पॉवरच्या मध्ये खाच असते, एसएएसमध्ये ती जागा भरलेली असते, त्यामुळे साध्या नॅसमध्ये ती बसतच नाही.

आता उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि बंद खोली संध्याकाळपर्यंत ४० च्या आसपास तापलेली राहते. डिस्क खोलीपेक्षा साधारण ८ ते १५ अंश गरम असते, म्हणजे ५० ते ५५ सहज. रेड प्लसची मर्यादा ६५ आहे, पण ५० च्या वर महिनोन्‌महिने ठेवू नये. पंखा उन्हाळ्यापुरता ‘फुल स्पीड’वर करा, ५५ ला इशारा लावून ठेवा आणि डबा लोखंडी कपाटात कोंडू नका. कूलरच्या झोतात ठेवण्याचा मोह तर टाळाच. तो झोत दमट असतो आणि वाळ्याचा कचरा घेऊन येतो. जिनिंगच्या आवारात कापसाची रुई पंख्याच्या जाळीवर थर धरते. हंगामात जाळी आठवड्याला साफ करावी लागते.

लाइनचं म्हणाल तर घरचा इन्व्हर्टर पुरत नाही. त्याची बॅटरी संपत आली हे नॅसला कळत नाही, मग लिहिता लिहिता डबा धाडकन बंद. दोन खणांसाठी यूएसबी पोर्ट असलेला ६०० व्हीएचा यूपीएस पुरतो. यूएसबी केबल नॅसला जोडून ‘५ मिनिटांनी बंद हो’ एवढं सेट करा. जुन्या पीसीत चार डिस्क टाकत असाल तर एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) बघा. सुरू होताना एक डिस्क १२ व्होल्टवर २ अँपिअरपर्यंत ओढते. चार मिळून ८. नाव नसलेला एसएमपीएस तिथेच मान टाकतो.

सिनॉलॉजी कंपनीचा नॅस असेल तर त्यांच्या साइटवरची कम्पॅटिबिलिटी यादी आधी पाहा. २०२५ च्या प्लस मॉडेल्समध्ये, उदाहरणार्थ डीएस९२५+, कंपनीने यादीबाहेरच्या डिस्कवर नवं स्टोरेज पूल, म्हणजे डिस्क जोडून केलेला साठा, बनवणंच बंद केलं होतं. मग ऑक्टोबर २०२५ मध्ये डीएसएम (नॅसची चालकप्रणाली) ७.३ आणून हार्ड डिस्क आणि सॅटा एसएसडीपुरतं ते सैल केलं. अशा डब्यात ७.३ किंवा पुढचीच आवृत्ती टाका. ‘जे’ मालिकेला ही अट नव्हती.

घेताना सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून भारतातली वॉरंटी दुकानातच बघा. ‘मशीन बनवणाऱ्याकडे जा’ असा निरोप आला तर ती ओईएमची आहे, परत करा. २०२५ च्या सुरुवातीला वापरलेल्या सीगेट डिस्क स्मार्टचे (डिस्क स्वतः ठेवते त्या तब्येतीच्या नोंदींतले) तास पुसून नव्या म्हणून विकल्याचं उघड झालं, तेव्हा नुसत्या ‘पॉवर ऑन अवर्स’वर विसंबू नका; सीगेटसाठी ‘स्मार्टसीटीएल’ची ७.४ आवृत्ती ‘फार्म’ नोंदीतले खरे तास दाखवते. डेटा टाकण्याआधी लाँग टेस्ट लावा, ४ टीबीला रात्र जाते. नंतर स्मार्टमधल्या ५, १९७ आणि १९८ क्रमांकांच्या नोंदी शून्यच हव्यात. १९९ ची नोंद वाढत असेल तर डिस्क नाही, केबल बदला. दोन डिस्क शक्यतो वेगवेगळ्या दुकानांतून घ्या, एकाच लॉटच्या सोबतच जाऊ शकतात.

आणि ४ टीबी पुरेल का? १०० एमबीपीएसचा फोर-के व्हिडिओ तासाला ४५ जीबी खातो. दोन कॅमेरे, पाच तास, म्हणजे एका लग्नाचे ४५० जीबी. रेड १ मध्ये ४ टीबीच्या दोन डिस्कमधून ४ टीबीच हाती येतात आणि विंडोज ते ३.६ दाखवतं. आठ लग्नांत डबा गच्च. स्टुडिओवाल्यांनी थेट ८ टीबी बघावी, पण आयर्नवुल्फमधली एसटी८०००व्हीएन००४ ही ७२०० आरपीएमची आहे. रेड प्लसची ८ टीबी ५६४० ची, उन्हाळ्याच्या हिशेबाने ती बरी.

बाराकुडा आधीच घेऊन बसला असाल तर फेकू नका. यूएसबी केसमध्ये घालून नॅसच्या साप्ताहिक बॅकअपला लावा. एकदा सगळं लिहायचं आणि मग थोडं थोडं वाढवायचं, या कामाला एसएमआर चालते. बॅकअप झाला की काढून दुसऱ्या घरी ठेवा, कारण चुकून डिलीट झालेली फाइल रेड १ दोन्ही डिस्कवरून एकाच वेळी उडवतो.