दातांचं इम्प्लांट: टायटॅनियम, झिरकोनिया, पीक आणि पेशींचा कौल

इम्प्लांटच्या माहितीपत्रकावर 'बायोकम्पॅटिबल' हा शब्द हमखास असतो. त्यामागे बहुतेक वेळा आयएसओ 10993 मालिकेतल्या चाचण्या असतात. तिच्या पाचव्या भागात पदार्थाचा अर्क काढतात, उदाहरणार्थ 37 अंश सेल्सिअसला 24 तास ठेवून, आणि तो उंदराच्या फायब्रोब्लास्ट (तंतू घडवणाऱ्या) पेशींवर घालून बघतात. जिवंत पेशींचं प्रमाण 70 टक्क्यांच्या खाली घसरलं तर पदार्थ पेशींना घातक ठरतो. थोडक्यात, पास झालेल्या पदार्थाने पेशी मारल्या नाहीत, एवढंच कळतं. हाड त्याला धरेल का, हे ही चाचणी विचारतच नाही. पीक नावाचं प्लास्टिक ती आरामात पास होतं आणि हाडात बसवलं की त्याच्याभोवती तंतुमय आवरण धरण्याची भीती असते. त्यामुळे इथे शिक्क्याला गुण दिलेले नाहीत. हाडाच्या आणि हिरडीच्या पेशी प्रत्यक्ष काय करतात, ते पाहिलं आहे.

सुरुवात टायटॅनियमपासून. पेशीचा आणि या धातूचा थेट संबंध कधी येतच नाही. हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा जेमतेम 2 ते 7 नॅनोमीटरचा थर चढतो, आणि रक्त लागलं की त्या थरावर आधी पाणी, मग काही सेकंदांत फायब्रिनोजेन, फायब्रोनेक्टिन, व्हिट्रोनेक्टिन ही प्रथिनं बसतात. त्यानंतर पोहोचणारी पेशी आपल्या इंटिग्रिन रेणूंनी या प्रथिनांनाच पकडते. प्रथिनं नीट उलगडून बसली तर पेशी हातपाय पसरते. वेडीवाकडी चिकटली तर ती गोलच राहते, आणि गोल राहिलेली पेशी हाड घडवत नाही.

म्हणून ग्रेड 4 (शुद्ध टायटॅनियम) की ग्रेड 5 (अ‍ॅल्युमिनियम-व्हॅनेडियम मिसळलेलं) या वादापेक्षा पृष्ठभागाला जास्त वजन द्यावं. ताकदीसाठी ग्रेड बघावाच लागतो, विशेषतः बारीक व्यासाच्या इम्प्लांटमध्ये. तिथे सुमारे 15 टक्के झिरकोनियम मिसळलेला टायटॅनियमचा मिश्रधातू चांगला पर्याय आहे. पृष्ठभागात आजही एसएलए पद्धतीचा सर्वांत भरवशाचा वाटतो. त्यात 250 ते 500 मायक्रॉनच्या कोरंडमच्या कणांचा मारा करून वर आम्लाचं कोरीव काम करतात. सूक्ष्मदर्शकाखाली 20 ते 40 मायक्रॉनचे खळगे दिसतात आणि त्यांच्या आत 1 ते 3 मायक्रॉनच्या खाचा. ऑस्टिओब्लास्ट, म्हणजे हाड घडवणारी पेशी, अशा एका खळग्यात जवळजवळ मावते आणि तिचे टेकू आतल्या खाचांत रुततात. सरासरी खडबडीतपणा 1 ते 2 मायक्रॉन असावा. 0.5 च्या खालच्या गुळगुळीत पृष्ठभागावर फायब्रिनची गुठळी सुटते. 2 च्या वर गेलं तर हाडाला फारसा जादा फायदा होत नाही, आणि तो भाग उघडा पडला की जंतूंची चंगळ.

माहितीपत्रकांतल्या एका चित्राने मात्र फसू नये: 'आमच्या पृष्ठभागावर जास्त पेशी'. खडबडीत टायटॅनियमवर ऑस्टिओब्लास्ट कमी वाढतात, पण लवकर प्रौढ होतात. अल्कलाइन फॉस्फटेज आणि ऑस्टिओकॅल्सिन ही हाड घडत असल्याची खूण असलेली प्रथिनं वाढतात. पेशींची नुसती मोजणी केली तर गुळगुळीत पत्राच जिंकेल. मागायचे तर या दोन खुणांचे आकडे मागावेत.

पॅकिंगही तपासा. कोरडं ठेवलेलं टायटॅनियम हवेतले हायड्रोकार्बन ओढून घेतं आणि पाणी झटकू लागतं. मग खाचांत हवा अडकते आणि रक्त आत शिरत नाही. सलाइनमध्ये बुडवून विकलं जाणारं एसएलअ‍ॅक्टिव्ह (एसएलएचाच पाणी ओढणारा प्रकार) या बाबतीत सरस आहे. त्यावर टाकलेला थेंब लगेच सपाट पसरतो. सुरुवातीच्या आठवड्यांत हा फरक उपयोगी पडतो, विशेषतः तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या आसपास, जेव्हा जुन्या हाडाची पकड ओसरलेली असते आणि नवं हाड अजून भरलेलं नसतं. वर्षभराने मात्र दोन्ही बहुतेक एकाच पातळीवर येतात, त्यामुळे दाट हाड असेल आणि घाई नसेल तर जादा पैसे मोजण्यात फारसं हशील नाही. घेतलंच तर द्रावणातून काढल्यापासून 15 मिनिटांत बसवावं लागतं. ग्लोव्हचा स्पर्श, लाळ, ट्रेमध्ये उघडं ठेवणं, यांपैकी काहीही झालं तर महागडी ओलसर बाटली वाया.

हाडाच्या बाजूने सगळा खेळ बिघडवणाऱ्या गोष्टी दोन. पहिली उष्णता: हाड एक मिनिटभर 47 अंशांवर गेलं की पेशी मरतात, म्हणून बोथट ड्रिल आणि अपुरं थंड सलाइन चालत नाही. दुसरी हालचाल: इम्प्लांट 100-150 मायक्रॉनहून जास्त हलत राहिलं तर हाडाऐवजी तंतू तयार होतात. लगेच दात चढवायचा असेल तर साधारण 35 न्यूटन-सेंटिमीटर टॉर्क (पिळून बसवण्याचा जोर) पाहतात. त्यापलीकडे रेटत राहिलं की दाट हाड चिरडतं आणि नंतर झिजतं.

झिरकोनिया, म्हणजे झिरकोनियम ऑक्साइडचं पांढरं सिरॅमिक, साधारण 3 मोल टक्के यट्रियाने (यट्रियम ऑक्साइडने) स्थिर केलेला असतो. पृष्ठभाग खडबडीत केलेला असेल तर प्राण्यांवरच्या अभ्यासांत हाड टायटॅनियमइतकंच चिकटलेलं दिसतं. हिरडीजवळ तो जास्त शोभतो: राखाडी छटा दिसत नाही, कीटण कमी साचतं. अडचण घडणीत आहे. एकसंध तुकडा हिरडीखाली झाकता येत नाही, त्यामुळे भरून येण्याच्या काळात जीभ आणि घास त्याला धक्के देतात. तोंडात घासून आकार दिला तर सूक्ष्म तडे पडतात. ओलाव्यात वर्षानुवर्षे स्फटिकरचना बदलण्याची शक्यता वेगळीच. मुळासाठी टायटॅनियम आणि वरच्या अ‍ॅबटमेंटसाठी (मुळावर बसून दात पेलणाऱ्या जोडतुकड्यासाठी) झिरकोनिया ही जोडी जास्त पटते.

पीकची जाहिरात 'हाडासारखी लवचीकता' अशी होते. 3 ते 4 गिगापास्कल हा आकडा खरा आहे, पण पृष्ठभाग पाणी झटकतो आणि पेशी पकड घेत नाही. तात्पुरतं अ‍ॅबटमेंट किंवा हीलिंग कॅप (हिरडी भरून येईपर्यंतचं झाकण) म्हणून घ्या, मुळासाठी नको.

कॉलरकडे, म्हणजे इम्प्लांटच्या हिरडीतून जाणाऱ्या गळ्याकडे, सर्वांत कमी लक्ष जातं. तिथे हिरडीचे कोलॅजन तंतू धातूत रुतत नाहीत, त्याला समांतर वळसा घालतात. एपिथेलियम (हिरडीचा वरचा पेशींचा थर) हेमिडेस्मोसोम नावाच्या बारीक टाचण्यांनी चिकटतं, आणि एवढ्यावरच जंतूंचा रस्ता अडलेला असतो. म्हणून तो भाग सुमारे 0.2 मायक्रॉन इतका गुळगुळीत हवा. त्याहून चकचकीत केल्याने जंतू आणखी कमी होत नाहीत. जंतुनाशक क्लोरहेक्सिडीन या पृष्ठभागाला चिकटून राहतं आणि फायब्रोब्लास्टना सोसत नाही, तेव्हा महिनोन्महिने गुळण्या नकोत. आम्लधर्मी फ्लोराइड जेल ऑक्साइडचा थर खातं. स्टीलच्या स्केलरने कॉलरवर ओरखडे पडतात, टायटॅनियमचे कण सुटतात, आणि ते गिळलेल्या मॅक्रोफेज, म्हणजे कचरा गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी, दाह पेटता ठेवतात. सफाईच्या वेळी प्लास्टिकचं किंवा टायटॅनियमचं टोक आहे का, हे खुर्चीत बसण्याआधी विचारून घ्या.