फॅट ग्राफ्टिंगच्या गाइडलाइन्स वाचल्या, कोणती कितपत कामाची

मी भूलतज्ज्ञ आहे, प्लॅस्टिक सर्जरीच्या केसेसना बरीच वर्षं भूल देतेय. कॅन्युला, म्हणजे चरबी काढायची-भरायची पोकळ नळी, सर्जनच्या हातात असते पण पेशंटचं बीपी पडलं की पहिली धावपळ माझी असते, म्हणून फॅट ग्राफ्टिंगबद्दल वेगवेगळ्या संस्थांनी काय काय लिहून ठेवलंय ते नीट बसून वाचलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पोटाची किंवा मांडीची चरबी लायपोसक्शनने काढायची आणि चेहरा, स्तन, नितंब जिथे हवी तिथे भरायची, एवढंच हे ऑपरेशन. माझा निकष सरळ आहे: उद्या सकाळी ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, हे तो कागद सांगतो का?

सुरुवात अमेरिकन सोसायटी ऑफ प्लॅस्टिक सर्जन्सच्या 2009 च्या टास्क फोर्स रिपोर्टपासून. याच सोसायटीने 1987 मध्ये स्तनात चरबी भरायला चक्क विरोध केला होता, कारण भरलेल्या चरबीतला काही भाग मरतो, तिथे कॅल्शियम साचतं आणि मॅमोग्राफीत कॅन्सरशी गोंधळ होईल अशी भीती होती. 2009 मध्ये त्यांनी भूमिका बदलली आणि जपून करायला हरकत नाही म्हणाले, बीआरसीए या जीनमध्ये स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा बिघाड असलेल्या किंवा घरात स्तनाच्या कॅन्सरचा इतिहास असलेल्या बायकांबाबत जास्त सावध राहा असंही सांगितलं. पुरावा किती तोकडा आहे ते त्यांनी लपवलं नाही, हे मला फार आवडलं. पण काढलेली चरबी भरण्याआधी सेंट्रिफ्यूज करायची (मशीनमध्ये वेगाने फिरवायची), धुवायची की गाळायची, तर म्हणे एकच पद्धत सांगता येत नाही, रिझल्ट सर्जनच्या तंत्रावर आणि अनुभवावर अवलंबून. खरंय, पण नवीन सर्जनच्या हातात यातून काहीच पडत नाही. 5 पैकी 3.

उपचारांच्या गाइडलाइन्स काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या सरकारी संस्थेचा 2012 चा कागद फक्त कॅन्सरच्या उपचारानंतर स्तन पुन्हा घडवण्यापुरता आहे आणि छोटाच आहे. कॅन्सर परत येण्यावर चरबीचा परिणाम होऊ शकेल ही शंका तात्त्विक आहे, तसा पुरावा दिसलेला नाही, हे स्पष्ट लिहिलंय आणि काम एकट्या सर्जनने नाही तर सगळ्या टीमने मिळून ठरवून करायचं असंही म्हटलंय. पेशंटसाठी साध्या भाषेतली माहिती वेगळी दिलीय, ती कुठल्याही बाईला स्वतः वाचून डॉक्टरांना प्रश्न विचारता येतील अशी आहे. 4.

आता ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले तो कागद, म्हणजे 2018 चा, नितंबात चरबी भरण्याबद्दल, ज्याला सगळे ब्राझिलियन बट लिफ्ट म्हणतात. प्लॅस्टिक सर्जरीच्या अनेक संस्थांनी मिळून काढलेला हा इशारा आहे आणि माणसं मेल्यानंतर काढलेला आहे. मृत्यूचा अंदाज 3,000 मध्ये 1 असा दिलाय, आणि हे पूर्ण निरोगी, बहुतेक तरुण बायकांवर हौसेने होणारं ऑपरेशन! पोस्टमॉर्टेममध्ये काय दिसलं तर चरबी स्नायूत किंवा स्नायूखाली गेलेली, फक्त त्वचेखालच्या थरात चरबी असताना मृत्यू झाल्याची एकही केस त्यांना सापडली नाही. नितंबाच्या स्नायूखाली मोठ्या शिरा असतात, त्यातली एखादी फाटली की चरबी थेट हृदयाच्या उजव्या बाजूला आणि तिथून फुप्फुसात. माझ्या मॉनिटरवर ते असं दिसतं की श्वासातून बाहेर येणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची रेषा एकदम खाली येते, मग सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन), मग बीपी, आणि तोवर हातात फार काही उरलेलं नसतं.

म्हणून हा कागद मला इतका मोलाचा वाटतो, कारण तो गोल गोल बोलत नाही. चरबी फक्त त्वचेखाली, कॅन्युला 4.1 मिलिमीटर किंवा जाड आणि सहज न वाकणारी, टोक खालच्या दिशेला वळवायचं नाही, आणि कॅन्युला हलत असतानाच चरबी सोडायची. हे मी टेबलाच्या डोक्याशी उभी राहून बघू शकते, बोलू शकते, सर्जनला थांबवू शकते. 5 पैकी 5. नंतर 2020 मध्ये पुन्हा सर्व्हे झाला तेव्हा मृत्यूचं प्रमाण साधारण 15,000 मध्ये 1 वर आलेलं दिसलं. सर्जननी स्वतः सांगितलेले आकडे आहेत, त्यामुळे डोळे झाकून धरू नका, पण दिशा चांगली आहे.

ब्रिटनच्या एस्थेटिक, म्हणजे सौंदर्यासाठी ऑपरेशन करणाऱ्या, सर्जनांची संघटना, बीएएपीएस, जास्त कडक निघाली. 2018 मध्ये त्यांनी सभासदांना हे ऑपरेशन करूच नका असा सल्ला दिला आणि 2022 मध्ये परत परवानगी देताना त्वचेखालीच भरा आणि ऑपरेशन चालू असताना अल्ट्रासाउंडवर बघत भरा असं सांगितलं. मला हे पटलं, कारण सर्जनला त्वचेखाली भरायचंय म्हणून कॅन्युला तिथेच राहते असं नाही, हाताला स्नायू लागलेला कळतोच असं नाही. 'मी वरच आहे' हे मी खूपदा ऐकलंय, स्क्रीनवर दिसलं तर माझा जीव भांड्यात पडेल.

आणि फ्लोरिडाचं उदाहरण जरूर वाचा. दक्षिण फ्लोरिडात 2010 ते 2022 मध्ये 25 बायका यात गेल्या, त्यातल्या 23 स्वस्तात, दिवसभर रांगेने केसेस करणाऱ्या क्लिनिकमध्ये. म्हणून तिथे 2022 मध्ये एका सर्जनला दिवसाला 3 च केसेस असा नियम आला आणि 2023 च्या कायद्यात चरबी काढायची आणि भरायची डॉक्टरनेच, दुसऱ्याकडे सोपवायची नाही, असं ठरलं. गाइडलाइन कितीही चांगली असली तरी दमलेला सर्जन ती पाळेलच असं नाही, हे त्यांनी ओळखलं आणि हे तंत्राइतकंच महत्त्वाचं आहे असं मला वाटतं.

चेहऱ्यात लोकांना वाटतं किती, जेमतेम काही मिली. पण 2015 मध्ये फिलर्समुळे, म्हणजे चेहरा भरायला टोचलेल्या पदार्थांमुळे, दृष्टी गेलेल्या 98 केसेसचा आढावा आला, त्यात जवळजवळ निम्म्या केसेस स्वतःच्याच चरबीच्या होत्या, आणि भुवयांमधली जागा सगळ्यात धोक्याची. बोथट कॅन्युला, अगदी थोडी थोडी चरबी, कमी दाब, हे कुणी पाळत नसेल तर उठून बाहेर पडा.

आपल्याकडचं काय? नॅशनल मेडिकल कमिशनने 2022 मध्ये सांगितलं की वर्कशॉपमध्ये किंवा यूट्यूबवर बघून एस्थेटिक प्रोसिजर शिकल्याचं धरलं जाणार नाही, चांगलं झालं. चरबीतल्या 'स्टेम सेल'च्या नावाने जे पॅकेज विकतात त्यासाठी आयसीएमआर या आपल्या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 2017 च्या गाइडलाइन्स बघा, रक्ताच्या काही आजारांतला बोन मॅरो ट्रान्सप्लांट वगैरे सोडला तर स्टेम सेलचा वापर फक्त मान्यता असलेल्या क्लिनिकल ट्रायलमध्ये करायचा असं त्यात लिहिलंय. पैसे भरून घेऊन जी 'ट्रायल' करतात तिथे मंजुरीचा कागद दाखवा म्हणायचं, लाजायचं नाही.

तुम्ही किंवा घरातलं कुणी हे करून घेणार असाल तर सर्जनला विचारा की चरबी कुठल्या थरात भरणार, अल्ट्रासाउंड ओटीत आहे का, त्या दिवशी तुमच्याआधी किती केसेस आहेत आणि भूल द्यायला पूर्ण वेळ भूलतज्ज्ञ असणार का. लायपोसक्शनमध्ये एकूण 5 लिटरपेक्षा जास्त काढणार असतील तर रात्रभर हॉस्पिटलमध्ये किंवा मान्यता असलेल्या सेंटरमध्ये देखरेखीखालीच राहायचं, हे अमेरिकन सोसायटीनेही सांगितलंय, संध्याकाळी घरी सोडतो म्हणाले तर का ते विचारा.