फोंड्यातील एक उपाहारगृह, जेथे सामना आवाज बंद करून दाखवतात

गोव्यातील फोंड्याच्या वरच्या बाजारात, एका जुन्या घराच्या पडवीत आठ टेबले मांडून चालवलेले हे उपाहारगृह सकाळी पातळभाजी-पावासाठी आणि रात्री फुटबॉलसाठी ओळखले जाते. गेली तीन वर्षे मी तेथे सामने पाहतो आहे. जेवणासाठी जावे की सामन्यासाठी, असे कोणी विचारले तर मी सामन्यासाठी असेच सांगेन. चांगले जेवण फोंड्यात इतरत्रही मिळते. परंतु पोर्तुगालच्या क्रिस्टियानो रोनाल्डोचा खेळ, समालोचकांनी त्याच्यावर चालवलेला खटला न ऐकता पाहण्याची सोय मला दुसरीकडे कोठे आढळलेली नाही.

मालकांचा नियम साधा आहे. राष्ट्रगीते संपेपर्यंत टीव्हीचा आवाज चालू असतो, आणि सामना सुरू झाला की ते रिमोट उचलून आवाज बंद करतात. मध्यंतरातील परदेशी स्टुडिओतली चर्चा तर ते पडद्यावर दिसूही देत नाहीत. त्या पंधरा मिनिटांत बातम्या लागतात. त्या रिमोटवर आवाज बंद करण्याच्या बटणावरचे चिन्ह पार पुसून गेले आहे, शेजारची बटणे मात्र नव्यासारखी आहेत. पहिल्या खेपेस मला हे विचित्र वाटले होते. पण परदेशी समालोचकांचा सूर ज्याने वर्षानुवर्षे ऐकला आहे, त्याला या शांततेची किंमत कळेल. रोनाल्डोने चेंडू दिला नाही की तो स्वार्थी, दिला की तो संपला, रडला की नाटकी आणि हसला की उद्धट! निकाल आधीच लिहून ठेवलेला असतो, सामन्यातून फक्त पुरावे वेचायचे असतात.

८ जून २०२५ च्या रविवारी रात्री युरोपातील राष्ट्रीय संघांच्या नेशन्स लीगचा पोर्तुगाल-स्पेन अंतिम सामना होता. म्युनिकमधील सामना आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू होणार असल्याने मालकांनी चूल उशिरापर्यंत चालू ठेवली होती. १ जूनपासून मासेमारी बंद, त्यामुळे ताज्या मासळीची अपेक्षा नव्हतीच. सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किस्मूर मात्र ओल्या खोबऱ्यासकट इतकी कुरकुरीत होती की आम्ही दोघांनी ती दोनदा मागवली. रोस ऑम्लेटचा रस्सा थोडा पातळ, पण मसाला घरी भाजलेला, आणि पाव गरम. सोलकढीत मीठ जास्त होते, ते सांगितल्यावर लगेच दुसरा पेला आला.

बाहेर पाऊस कोसळत होता आणि छपराच्या पत्र्यावरचा त्याचा आवाज हेच आमचे समालोचन होते. स्पेन दोन वेळा पुढे गेला. ६१व्या मिनिटाला डावीकडून नुनो मेंदेसने मारलेला चेंडू बचावपटूला लागून उंच उडाला, रोनाल्डोने स्पेनच्या कुकुरेयाला अंगाने मागे ठेवले आणि चेंडू खाली येताच जवळून जाळ्यात मारून बरोबरी साधली. चाळीस वर्षांचा माणूस! त्याच आठवड्यात उपांत्य फेरीत जर्मनीविरुद्धचा निर्णायक गोलही त्याचाच होता. ८८व्या मिनिटाला तो दुखापतीमुळे बाहेर गेला आणि बरोबरीनंतर पेनल्टी सुरू असताना तो इतका व्याकूळ झाला होता की त्याला त्या पाहवत नव्हत्या. पोर्तुगालचा गोलरक्षक डिओगो कोस्टाने स्पेनच्या मोराटाची पेनल्टी अडवली, पोर्तुगालने पेनल्टींवर ५-३ असा विजय मिळवला, आणि गुडघ्यांवर बसून रडणाऱ्या त्या माणसाविषयी कोणीतरी काहीतरी बोलते आहे हे आम्हाला ऐकावे लागले नाही.

रोनाल्डोविषयीच्या या वैराचा माग मला २००६ सालापर्यंत काढता येतो, कारण तेव्हा मी महाविद्यालयात होतो आणि तो सामना मी पाहिला होता. १ जुलै २००६ रोजी गेल्सेनकिर्खन येथे विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंड आणि पोर्तुगाल समोरासमोर होते. ६२व्या मिनिटाला इंग्लंडच्या वेन रूनीचा पाय पोर्तुगालच्या रिकार्डो कार्व्हाल्योवर पडला आणि अर्जेंटिनाचे पंच ओरासिओ एलिसोंडो यांनी रूनीला लाल कार्ड दाखवले. रोनाल्डो तक्रार करत पंचांकडे धावला होता, आणि नंतर आपल्या बाकाकडे पाहून त्याने डोळा मिचकावला. तेवढ्यावरून इंग्लंडच्या वृत्तपत्रांनी त्याला खलनायक ठरवले, आणि एका टॅब्लॉइडने तर त्याच्या चेहऱ्याची डार्ट फेकण्याची तबकडी छापली. पंचांनी पुढे स्पष्ट सांगितले की निर्णय रूनीच्या कृतीवरच घेतला होता आणि रोनाल्डोच्या बोलण्याचा त्यावर काहीही परिणाम झाला नव्हता. शिवाय इंग्लंड हरले ते त्या डोळ्यामुळे नव्हे. पोर्तुगालचा गोलरक्षक रिकार्डो याने त्यांच्या चारपैकी तीन पेनल्टी अडवल्या म्हणून हरले. पुढच्या हंगामात त्याच इंग्लंडमधील मैदानांवर हुर्यो झेलत रोनाल्डोने लीगमध्ये १७ गोल केले, त्याच्या मँचेस्टर युनायटेड क्लबने विजेतेपद मिळवले, आणि व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या संघटनेचा वर्षातील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार त्याला मिळाला. हा पुरस्कार मतांवर ठरतो, आणि ती मते त्याच्याविरुद्ध दर आठवड्याला खेळणाऱ्या खेळाडूंची होती. लेखणी चालवणाऱ्यांपेक्षा मी त्यांच्यावर अधिक विश्वास ठेवतो.

२०२२ च्या विश्वचषकातही तेच घडले. स्वित्झर्लंडविरुद्ध त्याला बाकावर बसवले आणि पोर्तुगालने ६-१ ने सामना जिंकला, तेव्हा त्याच्याविना संघ मोकळा झाला असे मथळे आले. चार दिवसांनी मोरोक्कोविरुद्धही तो सुरुवातीच्या संघात नव्हता, पहिल्या अर्ध्यातच गोल खाऊन पोर्तुगाल ०-१ ने हरला, आणि पडद्यावर पुन्हा रडत आत जाणारा रोनाल्डोच दाखवला गेला.

त्याच्या खेळावर टीका होऊ नये, असे माझे म्हणणे नाही. २०२४ च्या युरो स्पर्धेत त्याने एकही गोल केला नाही, स्लोव्हेनियाविरुद्धची त्याची पेनल्टी गोलरक्षक ओब्लाकने अडवली, आणि फ्री किक दुसऱ्यांना द्यायला हव्या होत्या, असे मीही या पडवीत मोठ्याने म्हटले आहे. कळंगुटला २०२१ मध्ये त्याचा पुतळा उभारला तेव्हा काळे बावटे दाखवणाऱ्यांचा मुद्दाही मला पटण्यासारखा वाटतो; ज्या गोव्याने ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा फुटबॉलपटू दिला, तेथे आधी आपल्या खेळाडूचा पुतळा हवा होता. पण तो प्रश्न आपल्या अभिमानाचा होता, त्यात त्या माणसाच्या स्वभावावर चिखलफेक नव्हती.

२२ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री या नियमाची खरी परीक्षा झाली. रोनाल्डोचा सौदी क्लब अल नस्र एफसी गोवाविरुद्ध मडगावच्या फातोर्डा मैदानावर आला आणि रोनाल्डो आलाच नाही. ज्यांना तिकिटे मिळाली नव्हती ते सारे येथे जमले होते आणि सगळ्यांचाच हिरमोड झाला होता, माझाही. त्या रात्रीही आवाज बंदच राहिला. एफसी गोवाच्या ब्रायसन फर्नांडिसने गोल केला तेव्हा पडवीत जो आरडाओरडा झाला, त्यासमोर १-२ चा पराभव सुसह्य वाटला.

उणिवा सांगायच्या तर वाहन लावायला जागा नाही, आणि वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर टीव्ही चालतो पण पंखे बंद पडतात. पावसाळ्यात रस्त्याकडच्या दोन टेबलांवर पाण्याचे शिंतोडे येतात, म्हणून निदान तासभर आधी पोहोचून आतल्या भिंतीलगतचे टेबल धरावे. किस्मूर राष्ट्रगीतापूर्वीच मागवून घ्यावी. सामना सुरू झाल्यावर मालक स्वतः टीव्हीसमोर बसतात आणि मध्यंतरापर्यंत स्वयंपाकघराकडे फिरकत नाहीत.