आबनुसाचा म्हणून विकलेला हत्ती

फिरायला गेलं की तिथला एखादा छोटा शोभेचा प्राणी विकत घेऊन येणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. माझं कपाट अशा हत्ती-घुबड-कासवांनी भरलंय, त्यामुळे नजर तयार आहे असं मला वाटायचं. मला फसवणाऱ्याची तयारी मात्र त्याहून जास्त होती.

दुकानात काळाभोर, तुकतुकीत हत्ती होता. "अस्सल आबनूस, हातात घेऊन बघा," म्हणत विक्रेत्याने तो माझ्या तळहातावर ठेवला. (आबनूस म्हणजे एबनी, काळं, जड लाकूड.) हात खाली गेला इतका जड! शंका नको म्हणून त्याने स्वतःच पाण्याचं भांडं आणलं. हत्ती तळाशी गेला. चांगलं आबनूस पाण्यापेक्षा घन असतं, बुडतं, हे मी वाचलेलं होतं आणि गिऱ्हाईक ते वाचून येतं हे त्याला माहीत होतं. वर सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र. घासाघीस केल्यावर "रोख दिलेत तर आणखी कमी करतो." दिले.

पावसाळी हवेत हत्तीच्या चौथऱ्याखालच्या मखमली कापडाची एक कड सुटली. आत बोटभर रुंदीचं भोक, त्यात ठासून बसवलेला धातूचा तुकडा आणि वरून लाकडाचा भुसा मिसळलेला गोंद. ओल्या कापसाने सोंडेमागची खाच पुसली तर कापूस काळा झाला, आणि वास सरळसरळ बूटपॉलिशचा! खाली पांढुरकं, हलकं लाकूड. म्हणजे वजनाची आणि पाण्याची, दोन्ही परीक्षा त्या एका तुकड्याने पास करून दिल्या होत्या.

तेव्हा वजनावर भुलू नका, तळ बघा. तळाला कापड चिकटवलेलं असेल तर ते का, हे विचारा. ओलसर रुमाल कानामागे, पायांच्या बेचक्यात फिरवा. पॉलिश तिथेच साचतं. (विक्रेता रुमाल बघून कासावीस झाला, तर पुढचं तपासायचीही गरज नाही.) आबनुसाचा फक्त गाभा काळा असतो, सालीकडचं लाकूड फिकट. त्यामुळे खऱ्या कोरीव वस्तूत कुठे फिकी रेघ दिसली तर तो दोष समजू नका.

विक्रेत्याला फोन केला तेव्हा उत्तर मिळालं, "हवामान बदललं की लाकूड रंग सोडतं, मॅडम." पावती काढून बघितली. तिच्यावर फक्त ‘हस्तकला वस्तू, 1 नग’. आबनूस हा शब्दच नाही! प्रमाणपत्रावर तर झाडाचं नाव नाही, दुकानाचा पत्ताही नाही. कार्डाने पैसे दिले असते तर ‘सांगितलेली वस्तू दिली नाही’ अशी तक्रार बँकेकडे करता आली असती, पण पावतीवर लाकडाचं नाव असतं तरच तिला वजन आलं असतं. रोखीच्या सवलतीमागचं गणित ते होतं. आता मी ‘कशाचं आहे ते पावतीवर लिहून द्या’ एवढंच म्हणते. बरेच जण तिथेच "मिक्स लाकूड आहे" वर येतात.

दगडी म्हणून रेझिनचे (साच्यात ओतून घट्ट केलेल्या प्लास्टिकसारख्या पदार्थाचे) प्राणी खपवणं तर सर्रास चालतं. पोटाखालून बोट फिरवलं की साच्याच्या जोडाची बारीक रेघ लागते, भिंगातून बुडबुड्यांची टोचणं दिसतात. ओतीव पितळेच्या बाबतीत, मेणाचा नमुना वितळवून काढणाऱ्या पारंपरिक पद्धतीत मातीचा साचा दर वेळी फोडावा लागतो. म्हणून ‘त्या पद्धतीचे’ दहा घोडे शेजारी शेजारी तंतोतंत सारखे दिसले, तर पुढे चला.

हस्तिदंताचं प्रकरण निराळंच. तिथे खोट्यापेक्षा खऱ्याची भीती जास्त. बऱ्याचदा ते हाड असतं, त्यात बारीक गडद ठिपके किंवा रेघोट्या दिसतात; खऱ्या दातात आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी असते. पण ओळखता आलं तरी घ्यायचं नाही. वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या, 1975 पासून लागू असलेल्या सायटीस करारात आशियाई हत्ती सुरुवातीपासून पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक निर्बंधांच्या परिशिष्टात आहे, आफ्रिकी हत्तीला तिथे टाकायचा निर्णय 1989 चा. "जुनं आहे, चालतं, कागद देतो," असं म्हणणारे भेटतील. सीमेवर वस्तू जप्त होते, दंड किंवा खटला आपल्यावर येतो, आणि तो विक्रेता फोन उचलत नाही. नेण्याचा परवाना सरकारी यंत्रणा देते, दुकानाच्या लेटरहेडवर मिळत नाही.